सांगोल्याचा प्रश्न, दिल्लीचा फॉर्म

सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड म्हणजे ‘सर्ब’. सर्बच्या संशोधन प्रस्तावाचा नमुना देशभरातल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. आधी प्रस्तावाचा उगम, मग जगात आणि देशात या विषयावर काय काम झाले त्याचा आढावा, मग उद्दिष्टे, कार्यपद्धती, कामाचे टप्पे दाखवणारा बार चार्ट आणि अंदाजपत्रक. या रकान्यांच्या गर्दीत एक छोटी ओळ होती: प्रकल्प विशिष्ट ठिकाणाशी निगडित असेल, तर तेच ठिकाण का निवडले ते स्पष्ट करा. चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉडला सांगून असा अख्खा प्रस्ताव आज कोणालाही काही मिनिटांत लिहून घेता येतो, आणि तोही ऐटदार इंग्रजीत. या एका ओळीपाशी मात्र यंत्र अडते, कारण तिचे उत्तर त्या जागी वावरलेल्या माणसाकडेच असते. सरकारी अनुदानाच्या अर्जासाठी एआयची मदत घ्यावी का, हा वाद सध्या विद्यापीठांच्या स्टाफरूममध्ये जोरात आहे. माझ्या मते त्याचा निवाडा याच ओळीपाशी होतो.

सर्बची जागा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने, म्हणजे एएनआरएफने घेतली आहे. त्याचा कायदा २०२३ चा, आणि तो लागू झाला ५ फेब्रुवारी २०२४ पासून. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनाकडे वळवायचे, त्यातले १४,००० कोटी सरकार देणार आणि उरलेले उद्योग, देणगीदार व इतर मार्गांनी यावेत, अशी ही योजना आहे. तरुण प्राध्यापकांसाठीच्या प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँटमध्ये तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, हे पाहिले की यातल्या एकेका रुपयाचे महत्त्व कळते.

हा रुपया जातो कुठे? २०२३ मध्ये फाउंडेशनची कल्पना मांडताना सरकारी अधिकाऱ्यांनीच सांगितले होते, की सर्बच्या कोअर रिसर्च ग्रँटमधला सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींकडे जातो आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला ११ टक्के येतो. देशातली बहुसंख्य मुले शिकतात ती राज्य विद्यापीठांत आणि त्यांना जोडलेल्या महाविद्यालयांत. ११ टक्के त्यांचे.

याचे एक कारण गुणवत्ता आणि उपकरणे हे आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरे कारण वेळ आणि भाषा. पवईच्या आयआयटीत प्रकल्पांची कागदपत्रे सांभाळायला आयआरसीसी हे स्वतंत्र कार्यालय आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे असते, शिवाय प्रॅक्टिकल, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, प्रवेशाची कामे. पूर्वी यूजीसीचे मायनर रिसर्च प्रोजेक्ट होते. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या विभागीय कार्यालयामार्फत ते मिळत, रक्कम लहान असे, पण त्यातून प्रस्ताव लिहायचा हात बसे. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर तो झरा आटला. आता पहिलाच प्रस्ताव थेट दिल्लीला जातो आणि तिथे त्याची गाठ आयआयटीतल्या सराईत अर्जदाराशी पडते.

आणि प्रस्ताव इंग्रजीत. विचार मराठीत, शेतकऱ्याशी किंवा रुग्णाशी बोलणे मराठीत, वर्गात निम्मे शिकवणे मराठीत, आणि पैसे मागायचे ते अशा इंग्रजीत, की जी बोलताना कोणी वापरत नाही. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्लॉस बायॉलॉजीत एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांना त्यांनी विचारले, की इंग्रजीपायी तुमचे काय जाते. ज्यांची भाषा इंग्रजी नाही, त्यांना करिअरच्या सुरुवातीच्या काळात शोधनिबंध लिहायला निम्म्याने जास्त वेळ लागतो, आणि केवळ भाषेच्या कारणावरून निबंध नाकारला जाण्याची वेळ त्यांच्यावर सुमारे अडीच पट जास्त वेळा येते, असे उत्तर निघाले. त्या आठ देशांत भारत नव्हता. नेपाळ आणि बांगलादेश होते. आपल्या महाविद्यालयांना ते आकडे परके वाटणार नाहीत.

इथे एआयने खरोखर काही बदलले आहे, आणि ते चांगल्यासाठी बदलले आहे. हे मी आधी स्पष्ट सांगतो, कारण पुढे मी बरीच काळजी व्यक्त करणार आहे.

समजा, सांगोल्याच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आहेत. बाई कल्पनेतल्या, बाकी पीक, रोग, नियम सगळे खरे. सांगोला-आटपाडीचा पट्टा डाळिंबाचा. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगाने राज्यातल्या डाळिंबाच्या बागांची दैना केली. झान्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, आणि वाऱ्यापावसाबरोबर रोग बागभर पसरतो. म्हणून अनेकांनी पावसाळ्यात फळ धरणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरला, म्हणजे फळ कोरड्या हवेत वाढते. बाग ताणावर सोडायची, पानगळ करायची, छाटणी करायची, बोर्डो मिश्रण आणि स्ट्रेप्टोसायक्लिन फवारायचे, हे सगळे आता घरोघरी माहीत आहे. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे आणि तेल्यावर तिथे पुष्कळ काम झाले आहे.

या बाईंना विद्यार्थ्यांच्या बागांत हिंडताना एक गोष्ट सारखी दिसते. हस्त बहार धरूनही काही बागांत तेल्या दरवर्षी येतोच, आणि त्यांतल्या बऱ्याच बागांत छाटणीच्या काड्या आणि पाला बांधालाच पडून असतो. जिवाणू त्या काड्यांत उन्हाळा काढतो का? काढत असेल तर किती दिवस? आणि वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन मारलेल्या बागेतला जिवाणू आता त्या औषधाला दाद देईनासा झाला आहे का? प्रकल्प एवढाच आहे, तीन प्रश्नांचा.

आता बाई एआयच्या यंत्राकडे दोन रीतींनी जाऊ शकतात. पहिली रीत: डाळिंबाच्या तेल्यावर एएनआरएफसाठी प्रस्ताव लिही, एवढे एक वाक्य टाइप करायचे. उत्तरात हमखास भव्य काहीतरी येते. मल्टी-ओमिक्स, नॅनोकण, ड्रोनचे छायाचित्रण, मशीन लर्निंग, शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप. वाचताना छाती दडपते. पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक लॅमिनार फ्लो, एक ऑटोक्लेव्ह आणि एक इन्क्युबेटर आहे. तीन वर्षांत हे कोण करणार, कुठे करणार, याचे उत्तर त्या पंधरा पानांत नाही. बांधावरच्या काड्या तर त्यात कुठेच नाहीत, कारण त्या यंत्राला कोणी दाखवल्याच नाहीत.

दुसरी रीत कष्टाची आहे. फोनवर मराठीत, बोलून, सगळे सांगायचे: कोणत्या बागा पाहिल्या, काय दिसले, शेतकरी काय म्हणाले, प्रयोगशाळेत काय आहे आणि काय नाही. मग यंत्राला सांगायचे, की तू लिहू नकोस. तू कडक परीक्षक हो आणि मला प्रश्न विचार. हे काम ते उत्तम करते. किती बागा घेणार? काड्या उचललेल्या आणि न उचललेल्या बागांत वय, वाण, ठिबक, फवारणी सारखी आहे, हे कसे ठरवणार? पावसाच्या नोंदी कुठून आणणार? काड्यांत सापडलेला जिवाणू तेल्याचाच, हे कोणत्या चाचणीने सिद्ध करणार? नमुन्यांची संख्या ठरवताना कोणते संख्याशास्त्र लावले? दुसरे उद्दिष्ट पहिल्यावर अवलंबून आहे. पहिले फसले तर पुढे काय? असे प्रश्न विचारणारे सहकारी मोठ्या संस्थेत शेजारच्या खोलीत असतात. तालुक्याच्या महाविद्यालयात त्या विषयाच्या अनेकदा एकट्या बाईच असतात.

या प्रश्नांची उत्तरे द्यायला त्यांना पुन्हा बागेत जावे लागेल. शेतकऱ्यांच्या फवारणीच्या वह्या मागाव्या लागतील, केगावच्या शास्त्रज्ञांना फोन करावा लागेल. तिथून आल्यावर पाच पानांचा मजकूर त्यांनी स्वतः, तोडक्यामोडक्या इंग्रजीत का होईना, लिहायचा. मग भाषा सुधारायला तो यंत्राला द्यायचा, आणि वाक्यागणिक तपासायचे की सुधारताना अर्थ हलला नाही ना. ‘शक्यता आहे’ लिहिलेले ‘सिद्ध होईल’ होऊन परत येते. ‘वीस बागा’चे ‘प्रातिनिधिक नमुना’ होते. या जागा पकडणे हे पीआयचे, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख संशोधकाचे, काम आहे आणि ते दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

अंदाजपत्रकाच्या रकान्यात तर यंत्रावर मुळीच विसंबू नये. प्रकल्पावरच्या जेआरएफचे, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोचे, विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, तिसऱ्या वर्षी एसआरएफ, म्हणजे सीनिअर फेलो, झाल्यावर ४२,०००. म्हणजे तीन वर्षांचे १३ लाख ९२ हजार, घरभाडे भत्ता वेगळा. इंटरनेटवर २०१९ च्या ३१,००० च्या दराचे कागद अजून ढिगाने पडलेले आहेत. यंत्र तो आकडा तितक्याच आत्मविश्वासाने लिहू शकते. खरेदीचे नियमही तसेच. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेरून वैज्ञानिक उपकरणे घेण्याची मुभा कुलगुरू आणि संचालकांना देणारी, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेणारी सवलत जून २०२५ मध्ये आली. ही ताजी माहिती मूळ आदेश उघडूनच पाहायला हवी. पुढे युटिलायझेशन सर्टिफिकेटवर सही पीआयची असते.

संदर्भांचे तर विचारूच नये. अस्तित्वात नसलेला शोधनिबंध, खऱ्या लेखकांच्या नावावर, खऱ्या नियतकालिकाच्या नावासह तयार करण्याची या यंत्रांची खोड आता सर्वांना ठाऊक आहे. त्याहून सूक्ष्म धोका बंगळुरूच्या आयआयएससीतल्या तरुण गुप्ता आणि दानिश प्रुथी यांनी २०२५ मध्ये दाखवला. एआयने तयार केलेले ५० संशोधन-मसुदे त्यांनी १३ तज्ज्ञांना दिले आणि मुद्दाम सांगितले, की हे आधी कोणी केले आहे का ते शोधा. २४ टक्के मसुदे एकतर जुन्या कामाचीच शब्द बदललेली आवृत्ती होते किंवा त्यावरून बरेचसे उचललेले होते, आणि मूळ लेखकाचे नाव कुठेही नव्हते. नेहमीच्या प्लेजरिझम सॉफ्टवेअरला अशी उचल सापडत नाही, कारण शब्द वेगळे असतात. प्रस्तावासोबत मजकूर मौलिक असल्याचे हमीपत्र देणाऱ्या प्राध्यापकाने हा आकडा लक्षात ठेवावा. त्याने चोरी केलेली नसते, पण हमी त्याचीच असते.

स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी आणखी पुढचे पाहिले. आधी २०२४ मध्ये त्यांना असे आढळले, की तज्ज्ञांना एआयच्या कल्पना माणसांच्या कल्पनांपेक्षा जास्त नवीन वाटतात. मग त्यांनी ४३ तज्ज्ञांकडून अशा दोन्ही प्रकारच्या कल्पना प्रत्यक्ष अमलात आणून घेतल्या. काम झाल्यावर पुन्हा गुण दिले, तेव्हा एआयच्या कल्पनांचे गुण माणसांच्या कल्पनांपेक्षा कितीतरी जास्त घसरले. अनुदानाचा अर्ज हा नेमका काम होण्याआधीचा कागद. कागदावर चमकणारी आणि मातीत न टिकणारी कल्पना ओळखायची कशी, हा परीक्षकांपुढचा प्रश्न आता कितीतरी अवघड झाला आहे.

परीक्षकांकडे वळण्याआधी अर्जांच्या पुराबद्दल बोलायला हवे. लिहिणे सोपे झाले की अर्ज वाढतात. युरोपीय संघाच्या मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी २०२४ मध्ये १०,३६० अर्ज आले होते. २०२५ मध्ये १७,०५८. या वाढीला इतरही कारणे असतील, पण एआयचे नाव या संदर्भात सगळीकडे घेतले गेले. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले, की काही संशोधकांनी एकाच फेरीत ४० पेक्षा जास्त अर्ज टाकले आहेत. म्हणून २५ सप्टेंबर २०२५ पासून एका पीआयला वर्षाला सहाच अर्ज करता येतात, आणि ज्या अर्जाचा मोठा भाग एआयने रचला आहे, तो अर्जदाराची मौलिक कल्पना मानला जात नाही. अनुदान मिळाल्यानंतर हे उघड झाले, तर प्रकरण चौकशीकडे जाऊ शकते आणि निधी थांबू शकतो. तिथल्याच नॅशनल सायन्स फाउंडेशनचा सूर वेगळा: डिसेंबर २०२३ पासून ते अर्जदारांना एआय किती आणि कसा वापरला ते प्रस्तावातच लिहायला उत्तेजन देते. मला ही दुसरी वाट जास्त पटते. लपवायला लावणाऱ्या नियमापेक्षा सांगायला लावणारा नियम प्रामाणिक माणसाच्या बाजूचा असतो.

हे सगळे मुळात किती महाग आहे, याचा हिशेब ऑस्ट्रेलियात झाला आहे. तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेकडे २०१२ मध्ये ३,७२७ प्रस्ताव आले. ते लिहायला संशोधकांची मिळून सुमारे ५५० कामाची वर्षे गेली, असा अंदाज हर्बर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडला. यश सुमारे २१ टक्क्यांना. पाचांतल्या चारांचे श्रम वाया. शिवाय जास्त दिवस घालवल्याने यशाची शक्यता वाढलेली दिसली नाही. एआय आल्यावर ही ५५० वर्षे वाचतील असे वाटते खरे, पण प्रत्येकाने वाचलेल्या वेळात आणखी दोन प्रस्ताव लिहिले, तर वाचतील कशी? पैसा तेवढाच, अर्ज तिप्पट, आणि भार सगळा वाचणाऱ्यांवर.

वाचणाऱ्यांची अवस्था काही फार बरी नव्हती. अमेरिकेत एनआयएचचेच २५ अर्ज ४३ परीक्षकांना वाचायला देऊन केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच अर्जाबद्दल दोन परीक्षकांचे मत जुळण्याचे प्रमाण जवळजवळ शून्य निघाले. मग २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलच्या अर्जदारांना मिळालेल्या शेऱ्यांत ‘रीजनरेट रिस्पॉन्स’ हे चॅटजीपीटीच्या बटणावरचे शब्द जसेच्या तसे सापडले. परीक्षकाने प्रस्ताव यंत्रात घातला होता, आणि आलेले उत्तर न वाचताच चिकटवले होते. वर्षभर राबून कोणी कागद पाठवावा आणि तो माणसाने वाचूही नये, याइतका अपमान संशोधकाचा दुसरा नसेल. शिवाय अप्रकाशित कल्पना कोणा कंपनीच्या सर्व्हरवर गेली ती वेगळीच. एनआयएचने जून २०२३ मध्ये परीक्षकांना असे करण्यास बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने जुलैमध्ये. आपल्याकडे परीक्षकांना पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक पत्रात ही बंदी ठळक असायला हवी.

काही विद्यापीठांत आता एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा आग्रह सुरू झाला आहे. इथे मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. स्टॅनफर्डमध्येच जेम्स झू यांच्या गटाने २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिल्याचा निकाल आला. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे अचूक ओळखले गेले. कारण असे, की मोजक्या शब्दांची, साध्या रचनेची इंग्रजी डिटेक्टरला यंत्राची वाटते. आमच्या बाईंनी रात्री जागून स्वतः लिहिलेली पाच पाने नेमकी तशीच असणार. भाषेच्या पहिल्या दारावर अडलेल्या माणसाला दुसऱ्या दारावर चोर ठरवायचे, हे कोणत्याही अनुदान संस्थेने होऊ देऊ नये.

मग करायचे काय? सफाईदार इंग्रजीवरून प्रस्तावाची पारख होत होती, तो काळ गेला, हे आधी मान्य केले पाहिजे. आता सगळ्यांचीच इंग्रजी सारखी सफाईदार असेल. तेव्हा अर्जात यंत्राला जे लिहिता येते ते कमी करा आणि जे लिहिता येत नाही ते मागा. पहिल्या टप्प्यात दोनच पाने: प्रश्न काय, तो कुठून आला, तुम्ही आतापर्यंत स्वतः काय पाहिले, हाताशी काय आहे. साहित्याचा लांबलचक आढावा निवड झालेल्यांकडूनच मागावा. काठावरच्या, सारख्या तोलाच्या प्रस्तावांत चिठ्ठी टाकायलाही लाज वाटू नये. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद २०१३ पासून एक्सप्लोरर ग्रँटसाठी ते करते, स्वित्झर्लंडची नॅशनल सायन्स फाउंडेशनही करते. परीक्षकांना जिथे फरक दिसतच नाही, तिथे दशांशात गुण देऊन निकाल लावण्यापेक्षा चिठ्ठी जास्त सचोटीची आहे.

आणि मुलाखत घ्या. पंधरा मिनिटांची, व्हिडिओवर, अर्जदाराला हव्या त्या भारतीय भाषेत. संघ लोकसेवा आयोग आयएएसच्या उमेदवाराला मराठीत मुलाखत देऊ देतो. मग संशोधकाला का नाही? काड्या कुठे पाहिल्या, किती पाहिल्या, शेतकरी त्या का उचलत नाही, असे तीन प्रश्न विचारले की प्रस्ताव कोणाच्या डोक्यातून आला ते कळते. समितीत केगावचा किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा, बाग पाहिलेला एक माणूस असावा. प्रस्ताव नाकारला गेला, तर परीक्षकांचे शेरे गाळणी न लावता, पूर्णपणे, पुढच्या फेरीच्या पुरेसे आधी बाईंच्या हातात पडावेत, म्हणजे येणारा हस्त बहार त्यांना नमुने गोळा करायला सापडेल.